गाडी मोठ्याने ओरडते म्हणून वेगाने धावते का?

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त इंग्लंडात राहतो. शाळेत असताना सायकलच्या मागच्या चाकाला जाड पुठ्ठा बांधून फटफटीचा आवाज काढणारा हा मुलगा. पुठ्ठा बांधला की सायकल जोरात पळते, असे तो शपथेवर सांगत असे! आता त्याने तिकडे एक जुनी स्पोर्ट्स मोटार विकत घेतली आहे. गाडीचे नाव एमजीबी. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात ही गाडी तयार होत असे आणि तिच्या पाच लाखांवर गाड्या जगभर गेल्या.

त्याने मला लिहिले, “सर, गाडीचे जुने बिडाचे मॅनिफोल्ड काढून टाकावे आणि त्याजागी स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत नळ्यांचा एक्झॉस्ट हेडर बसवावा, असा विचार आहे. जाहिराती पुष्कळ आहेत. प्रत्येक जण शक्ती वाढेल म्हणतो. मी कोणता घेऊ?”

मी उत्तर पाठवले, “आधी मोज, मग घे. आणि बहुधा, घेऊच नकोस.”

हे उत्तर त्याला फारसे आवडले नसावे. परंतु ते का दिले, हे तुम्हांलाही सांगावेसे वाटते. कारण यात नववी-दहावीच्या पुस्तकातले ध्वनी, उष्णता आणि गती हे तिन्ही धडे एकाच यंत्रात भेटतात. शिवाय हा प्रश्न केवळ हौशी माणसाच्या जुन्या गाडीचा नाही. आपल्या गल्लीतून कानठळ्या बसवीत जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलचाही तो आहे.

हेडर म्हणजे काय?

चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमधून जळलेला वायू बाहेर पडतो. हे सर्व झोत एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारा जो पहिला भाग, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. कारखान्यात तो सहसा बिडाचा ओततात. बीड स्वस्त, टिकाऊ आणि आवाज दाबणारे असते. याच भागाऐवजी वाकवलेल्या पोलादी नळ्या झाळून केलेली जी जोडणी बसवतात, तिला हेडर म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिक मोटारसायकलच्या इंजिनापासून निघणाऱ्या नळीला ‘बेंड पाईप’ म्हणतात. हेडर म्हणजे अशा अनेक बेंड पाईपांचा गुच्छच.

हेडर विकणारे सांगतात की त्यामुळे इंजिनाला ‘मोकळा श्वास’ मिळतो. हे पूर्णपणे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. नळीचे काम वायूला वाट करून देणे एवढेच असते, तर सर्वांत रुंद आणि आखूड नळी सर्वांत चांगली ठरली असती. तसे होत नाही, कारण त्या नळीतून वायूबरोबर एक लाटही धावत असते.

नळीतून धावणारी लाट

निकास झडप उघडते तेव्हा सिलिंडरमधील वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच अधिक असतो. झडप उघडताच संपीडनाची एक लाट नळीतून ध्वनीच्या वेगाने पुढे निघते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. तापमान वाढले की हा वेग केवल तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. निकास वायू ६०० अंश सेल्सिअस, म्हणजे ८७३ केल्व्हिन धरला, आणि त्याचे गुणधर्म हवेसारखेच मानले, तर वेग सेकंदाला सुमारे ५९० मीटर येतो. हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा.

ही लाट नळीच्या उघड्या टोकाशी, किंवा नळी एकदम रुंद होते त्या जागी पोहोचली की परावर्तित होते. पण परतताना तिचे रूप पालटते. गेली ती संपीडनाची लाट, येते ती विरलनाची, म्हणजे कमी दाबाची. कमी दाबाची ही लाट नेमक्या वेळी झडपेपाशी परत आली, तर ती सिलिंडरमधला उरलासुरला जळका वायू बाहेर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणालाही आत येण्यास हात देते. हेडरची सारी करामत या ‘नेमक्या वेळी’ या दोन शब्दांत आहे.

एमजीबीच्या मूळ रचनेत आवक झडप दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी १६ अंश उघडते, आणि निकास झडप ते टोक ओलांडल्यावर २१ अंशांनी मिटते. म्हणजे दोन्ही झडपा एकदम उघड्या असण्याचा काळ क्रँकच्या ३७ अंशांचा. मिनिटाला ६००० फेरे होत असताना हा काळ केवळ एक सहस्रांश सेकंदाचा असतो! परतणारी लाट या खिडकीत सापडली तरच तिचा पुरा लाभ.

आता एक मीटर लांबीची नळी घ्या. लाटेला जाऊन येण्यासाठी दोन मीटर जावे लागते. त्यास सुमारे ३·४ सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला ३००० फेरे असताना तेवढ्या वेळात क्रँक ६१ अंश फिरतो. ६००० फेरे असताना तो १२२ अंश फिरतो. नळी तीच, लाटही तीच, पण झडपेच्या दृष्टीने ती येण्याची घटका मात्र बदलली. म्हणून कोणतीही नळी सर्व वेगांना सारखी उपयोगी पडत नाही. लांब नळी कमी फेऱ्यांना मदत करते, आखूड नळी जास्त फेऱ्यांना. एका ठिकाणी मिळवावे, तर दुसऱ्या ठिकाणी थोडे गमवावे लागते. जाहिरातीत हे दुसरे वाक्य सहसा छापलेले नसते.

शेजाऱ्यांचे भांडण

आता चार सिलिंडर एकत्र आले की काय होते ते पाहू. एमजीबीत सिलिंडर १, ३, ४, २ या क्रमाने पेटतात आणि दोन पेटण्यांत क्रँकच्या १८० अंशांचे अंतर असते. निकास झडप दट्ट्या खालच्या टोकाला पोहोचण्याआधी ५१ अंश उघडते, पुढची १८० अंशांची संपूर्ण धाव उघडी राहते आणि आणखी २१ अंशांनी मिटते. बेरीज झाली २५२ अंश.

२५२ मधून १८० वजा करा. उरले ७२. याचा अर्थ असा की पहिल्या सिलिंडरची निकास झडप मिटायला ७२ अंश बाकी असतानाच तिसऱ्याची उघडते. दोघांच्या नळ्या जवळच जोडलेल्या असतील, तर तिसऱ्याचा जोरदार झोत पहिल्याच्या दारात शिरतो. शेजाऱ्याने आपल्या अंगणात केर लोटावा तसे!

यावर उपाय सोपा आहे. जे सिलिंडर एकमेकांपासून ३६० अंशांनी पेटतात त्यांची जोडी करावी. २५२ हे ३६० पेक्षा कमी आहेत, म्हणून त्यांच्यात भांडण होत नाही. क्रम पुन्हा पाहा. १ आणि ४ ही एक जोडी, ३ आणि २ ही दुसरी. या दोन जोड्या पुढे लांबवर नेऊन मग एकत्र करावयाच्या. हौशी मंडळी ज्याला ‘चार-दोन-एक’ हेडर म्हणतात, त्यामागचे तत्त्व हेच.

आता गंमत ऐका. एमजीबीच्या इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची निकास वाट मुळातच एक आहे. सिलिंडर हेडच्या आतच त्या दोन वाटा मिळतात, म्हणून बाहेर निकासाची चार तोंडे नसून तीनच आहेत. कारखान्यातून येणाऱ्या दोन कार्ब्युरेटरांच्या गाडीवरील बिडाच्या मॅनिफोल्डला खाली दोन तोंडे असतात आणि त्यांतून दोन स्वतंत्र नळ खाली उतरून मग एक होतात. म्हणजे जे तत्त्व हेडर विकणारा आज ‘नवे’ म्हणून सांगतो, ते त्या जुन्या, काळ्या, ओबडधोबड दिसणाऱ्या बिडात अभियंत्यांनी आधीच ओतून ठेवले होते! जुन्या गाड्यांचे जाणकार या मॅनिफोल्डला चांगले म्हणतात ते उगाच नव्हे.

शिवाय ज्या इंजिनात दोन सिलिंडरांची वाट हेडच्या आतच एक होते, तिथे ‘चारही नळ्या समान लांबीच्या’ हा दावा करणेच शक्य नाही. दुसऱ्या एखाद्या इंजिनासाठी लिहिलेले गुणवर्णन या इंजिनाला चिकटवलेले दिसले, तर विकणाऱ्याला खुशाल विचारावे, “चौथी नळी कुठे लावू?”

तुम्ही म्हणाल, या परक्या गाडीशी आमचा काय संबंध? थोडा आहे. आपली अ‍ॅम्बॅसॅडर आठवते? पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होणारी ही गाडी अनेक वर्षे १४८९ घन सेंटिमीटरच्या ज्या पेट्रोल इंजिनावर चालली, ते आणि एमजीबीचे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडे. त्या घराण्याचे नाव ‘बी-सिरीज’. एक भाऊ टॅक्सी ओढत राहिला, दुसरा शर्यतीत उतरला.

जाड नळी, मंद झोत

दुसरा गैरसमज व्यासाचा. नळी जितकी जाड तितकी चांगली, असे पुष्कळांना वाटते. हिशेब करू. हे इंजिन मिनिटाला ५४०० फेऱ्यांवर चालताना, सिलिंडर पूर्ण भरतात असे मानले, तर सेकंदाला सुमारे ८१ लिटर मिश्रण आत घेते. जळल्यावर ते तापून जवळजवळ तिप्पट फुगते, म्हणजे सुमारे २४० लिटर. ४५ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून हा वायू सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने जाईल. व्यास ५० मिलिमीटर केला तर वेग १२३ मीटरवर येईल. व्यासात फक्त ५ मिलिमीटरची वाढ, पण वेगात जवळजवळ एक-पंचमांश घट! कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते.

झोताचा वेग घटला की त्याच्यामागे ओढून घेण्याचा जोरही घटतो आणि विशेषतः कमी फेऱ्यांवर गाडी मरगळते. फार अरुंद नळीत वायू कोंडतो, फार रुंद नळीत तो रेंगाळतो. योग्य माप इंजिन ठरवते, मालकाची हौस नव्हे.

उष्णतेचा हिशेब

तिसरी गोष्ट धातूची. स्टेनलेस स्टील गंजत नाही, दिसते सुंदर, हे खरेच. परंतु एक मीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची नळी ५०० अंशांनी तापली की साधारण साडेआठ मिलिमीटर लांब होते. साधे पोलाद सहा मिलिमीटरच्या आसपास वाढते. प्रत्येक वेळी गाडी सुरू केली की ही ओढाताण, बंद केली की उलटी ओढाताण. म्हणून हेडरची इंजिनाकडील पट्टी पातळ असेल तर ती वाकते, गॅस्केट सुटते, आणि झाळलेल्या जागी भेगा पडतात.

त्यातच एमजीबीचे कार्ब्युरेटर आणि निकास मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. कार्ब्युरेटर वर, तापलेला धातू खाली. पातळ नळीचा बाहेरचा पृष्ठभाग जाड बिडापेक्षा लवकर आणि अधिक तापतो आणि ती उष्णता थेट पेट्रोलला भेटते. पेट्रोलची वाफ झाली की गाडी उन्हाळ्यात चौकातच हटून बसते. म्हणून कारखान्याने मध्ये बसवलेला उष्णतारोधक पत्रा कधीही काढून टाकू नये. काही जण नळ्यांवर काचतंतूच्या पट्ट्या गुंडाळतात. त्यांनी उष्णता अडते, पण ओल धरून राहते आणि साधे पोलाद आतल्या आत गंजते.

मैलाचे दोन दगड

आता माझ्या तरुणपणीची एक फजिती सांगतो. कॉलेजात असताना माझ्या मित्राकडे एक जुनी फटफटी होती. आम्ही दोघांनी तिच्या सायलेन्सरमधील जाळ्या कापून काढल्या. आवाज असा झाला की दोन गल्ल्यांतली कुत्री पळाली! आमची खात्रीच पटली की गाडी आता दीडपट पळते. आमच्या भौतिकीच्या सरांना हे अभिमानाने सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळेतले स्टॉपवॉच हातात दिले आणि म्हणाले, “मैलाच्या दोन दगडांमधला वेळ मोजून आणा. एकदा नव्हे, दहादा. पाच वेळा जाताना, पाच वेळा येताना. मग सायलेन्सर उसना घेऊन पुन्हा तेवढेच.”

आम्ही दोन रविवार खर्ची घातले. आकडे सरांपुढे ठेवले. कापलेल्या सायलेन्सरची सरासरी किंचित कमीच वेगाची होती. मित्र हिरमुसून म्हणाला, “म्हणजे गाडी हळू झाली!” सरांनी दहाही आकड्यांवर बोट फिरवले आणि म्हणाले, “तेही म्हणू नका. तुमच्या दहा मोजण्यांतच याहून जास्त फरक आहे. फरक दिसत नाही, एवढेच म्हणा.”

ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. आम्हांला जो वेग वाटत होता, तो आमच्या कानांत होता, चाकांत नव्हता. सायकलला पुठ्ठा बांधणाऱ्या त्या मुलाला मी वर्गात हसलो नाही, त्याचे कारण हेच.

इंग्लंडमधल्या त्या विद्यार्थ्यालाही मी हाच प्रयोग सांगितला आहे. रिकाम्या, सपाट रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत, एकच गिअर ठेवून ताशी ५० पासून ८० किलोमीटरपर्यंत जाण्यास किती वेळ लागतो, ते शेजारी बसलेल्या माणसाने मोजावे. गाडी व चालक मिळून १००० किलोग्रॅम धरले तर गतिज ऊर्जेतील वाढ सुमारे १,५०,००० ज्यूल होते. हे ८ सेकंदांत झाले तर हवेचा आणि रस्त्याचा रोध वगळून १८,७५० वॅट, म्हणजे सुमारे २५ अश्वशक्ती कामी आली. हेडर बसवल्यावर हीच वेळ ७·६ सेकंद आली, तर वाढ सव्वा अश्वशक्तीहून थोडी अधिक. पण तुमच्या मोजण्यांतच अर्ध्या सेकंदाचा मागेपुढेपणा असेल, तर एवढ्या फरकावर काहीही सिद्ध होत नाही. विज्ञानात ‘मला वाटते’ आणि ‘मी मोजले’ यांच्यामध्ये एक नदी असते. तिच्यावरचा पूल म्हणजे अनेकदा केलेले मोजमाप.

आवाज आणि विष

काही जण म्हणतील, “शक्ती वाढली नाही तरी काय बिघडले? आवाज तर छान येतो!” हौसेला माझी ना नाही. बिडाच्या मॅनिफोल्डला भेग गेली असेल तर ते बदलावेच लागते. एखाद्याने शर्यतीसाठी कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड सर्वच बदलले असेल, तर त्या इंजिनाला हेडर खरोखर उपयोगी पडतो. अमेरिकेत १९७५ पासून गेलेल्या एमजीबींना प्रदूषणाच्या नियमांमुळे एकच कार्ब्युरेटर आणि निराळी रचना होती. तेथेही हा विचार वेगळा होईल. माझा आक्षेप आहे तो कारण न शोधता औषध घेण्याला.

पण आवाजाची किंमत शेजारी मोजतात. डेसिबेलचे माप साधे नाही. १० डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट झाली. ८५ डेसिबेलच्या आवाजात रोज आठ तास काढणे कानांना धोक्याचे मानले जाते आणि एकदा मेलेल्या कानातील संवेदनपेशी पुन्हा उगवत नाहीत. आपल्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या कर्णकर्कश सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिली असतील. रोडरोलर सायलेन्सर चिरडू शकतो. त्यामागची समजूत चिरडायला शिक्षकच हवा.

दुसरा धोका न दिसणारा आहे. निकास वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. घाईने बसवलेल्या हेडरचे गॅस्केट गळू लागले, तर तो गाडीत शिरू शकतो. आणि आजच्या गाडीवर तर हा प्रयोग मुळीच करू नये. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचे झाले. आज अनेक गाड्यांत तो इंजिनाला अगदी लागून असतो. तिथली नळी बदलणे म्हणजे विषाचा गाळणा फेकून देणे.

माझा सल्ला

त्या विद्यार्थ्याला मी शेवटी हा क्रम लिहून पाठवला. प्रथम मॅनिफोल्डच्या तिन्ही तोंडांशी काजळीची रेघ दिसते का पाहा. दिसली तर गॅस्केट गळते आहे. मग ठिणगीची वेळ, झडपांची फट आणि दोन्ही कार्ब्युरेटरांचा मेळ तपास. सायलेन्सर आतून कुजला असेल तर तो बदल. मग मोज. एवढे करूनही बिडाचे मॅनिफोल्ड निकामी ठरले, तरच हेडर घे. घेताना १-४ आणि २-३ अशा जोड्या आहेत का, पट्टी जाड आहे का, नळ्यांचा व्यास माफक आहे का, हे पाहा. चकाकी सर्वांत शेवटी पाहा. आणि जुने मॅनिफोल्ड भंगारात देऊ नकोस. तेल लावून जपून ठेव. जुनी गाडी ही आपल्याकडे काही काळ आलेली ठेव असते. पुढच्या माणसाला ती मूळ रूपात आणता यावी.

परवा त्याचे उत्तर आले. मधल्या तोंडाशी काजळीची काळी रेघ सापडली. नवे गॅस्केट घातले. हेडरचे पैसे अजून खिशातच आहेत. खाली एक ओळ होती, “सर, गाडी आता गप्प झाली आहे, आणि चालते छान. पण दहा वेळा मोजल्याशिवाय तुम्हांला ते सांगणार नाही.”

विद्यार्थ्याकडून शिक्षकाला याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?